पाच अधिक दोन: भाषणाची मिनिटं आधीच कशी काढायची

जानेवारी लागला की सोलापुरात भाषणांचा हंगाम सुरू होतो. १२ तारखेला तर जिजाऊंची जयंती, विवेकानंदांची जयंती आणि आपल्या चार हुतात्म्यांचा बलिदान दिन, सगळं एकाच दिवशी येतं. त्यात सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा तोंडावर आलेली असते. शाळाशाळांतून वक्तृत्व स्पर्धा लागतात आणि पत्रकावर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ‘वेळ ५ + २ मिनिटे’, म्हणजे पहिली घंटा पाचला आणि दुसरी सातला. मराठी शिकवून मी निवृत्त झाले, तरी या दिवसांत आईबाप टाइप केलेला कागद घेऊन येतातच. सगळ्यांचा प्रश्न एकच, “बाई, हे पाच मिनिटांत बसेल का?”

कागद नुसता बघून मी उत्तर देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका. आजकाल पालक आधीच उत्तर घेऊन येतात म्हणा. इंटरनेटवर शब्द टाकले की मिनिटं सांगणारी यंत्रं आहेत. ती बहुतेक मिनिटाला १३० ते १५० शब्द धरतात, कारण इंग्रजी बोलण्याचा तो साधारण वेग आहे. मराठीला तो लावला की फसगत ठरलेली. ७०० शब्दांचं भाषण १४० च्या वेगाने भागलं तर बरोबर पाच मिनिटं येतात. तेच भाषण सातवी-आठवीतलं पोर नीट, स्पष्ट बोललं तर मिनिटाला ९५ शब्दांच्या आसपास जातं, म्हणजे सात मिनिटं वीस सेकंदांच्या पुढे. दुसरी घंटा वाजून गेलेली असते आणि पोर अजून शेवटच्या परिच्छेदात अडकलेलं असतं.

असं का होतं, ते एका उदाहरणात कळेल. ‘तो घरी आला. आईने पाणी दिले. तो जरा बसला.’ हे नऊ शब्द झाले. आता हे बघा: ‘सोलापूरकरांच्या स्वातंत्र्यलढ्यातील बलिदानाची आठवण नव्या पिढीपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी आपलीच.’ हेही नऊच. पहिल्यात अक्षरं १८ आणि दुसऱ्यात ४५, म्हणजे अडीच पट. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं सगळी शब्दाला चिकटतात. इंग्रजीत जे तीन-चार सुटे शब्द होतील ते मराठीत एकाच शब्दाच्या पोटात बसतात. भाषणाची भाषा जितकी जड, तितके शब्द कमी आणि वेळ जास्त.

म्हणून शब्द मोजायचेच असतील तर स्वतःच्या वेगाने भागायचे. तो वेग काढायला दहा मिनिटं पुरतात. भाषणाचा मधला भाग घ्या. सुरुवातीचं संबोधन नको आणि शेवटचं ‘जय हिंद, जय महाराष्ट्र’ही नको, कारण ते सगळेच एका ठरलेल्या सुरात म्हणतात. उभं राहा. खोलीच्या पार टोकाला कुणी बसलंय असं समजून मोठ्याने बोला. फोनवर दोन मिनिटांचा टायमर लावा आणि तो वाजला की पेन्सिलीने तिथे रेघ मारा. रेघेपर्यंतचे शब्द मोजून निम्मे करा, हा तुमचा वेग. दोनतीनदा करून सरासरी घ्या म्हणजे झालं. मनातल्या मनात वाचून वेळ लावणाऱ्यांना मी पुन्हा उभं करते. मनात वाचताना तोंड, श्वास, घसा यांचं काही कामच नसतं, सहा मिनिटांचा मजकूर तीन-साडेतीन मिनिटांत संपतो. बसून पुटपुटलेलंही चालत नाही.

माझ्या अनुभवात प्राथमिकची मुलं मिनिटाला ८०-९० शब्दांत असतात. कॉलेजची पोरं १०५-११० च्या पुढे पळतात, तर सत्तरीतले पाहुणे ७५ वरही येतात. हे आकडे फक्त अंदाजाला ठेवा, स्वतःचा वेग मोजलाच पाहिजे. आपल्याकडे तर हे फारच खरं आहे. वर्गात एका बाकावर घरी तेलुगू बोलणारी, शेजारी कन्नड बोलणारी, पलीकडे उर्दू बोलणारी असते, आणि तिघीही मराठीत भाषण करणार. तिघींची लय वेगळी, थांबण्याच्या जागा वेगळ्या. तिघींना एकच ‘पाच मिनिटांचं भाषण’ लिहून देणं मला कधी पटलं नाही.

शब्दांपेक्षा अक्षरं जास्त भरवशाची. जोडाक्षर एकच धरायचं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजायची नाही. ‘सोलापूर’ची अक्षरं चार, ‘स्वातंत्र्य’ची तीन. स्पष्ट, सभेतल्या बोलण्यात मिनिटाला साधारण २७० ते ३२० अक्षरं जातात. हिशेबाला ३०० धरा. पूर्ण भाषण मोजत बसायची गरज नाही. मधल्या चार-पाच ओळींची अक्षरं मोजा, सरासरी काढा, ओळींच्या संख्येने गुणा. ओळीत २५ अक्षरं आणि पानावर २० ओळी असतील तर पान ५०० अक्षरांचं, म्हणजे एक मिनिट चाळीस सेकंद. फोनवरचा किंवा संगणकावरचा अक्षरांचा आकडा मात्र घेऊ नका. तो बऱ्याच ठिकाणी काना, मात्रा, उकार सुटे मोजतो. ‘सोलापूर’ची तो सात करतो.

हाताने लिहिणाऱ्यांसाठी जुना ठोकताळा आहे. फुलस्केपची एक बाजू, मध्यम अक्षर, समास सोडून, साधारण २०० शब्द, म्हणजे दोन मिनिटांच्या जरा वर. पाच मिनिटांच्या भाषणाला अडीच बाजूंपेक्षा जास्त लिहू नये. एवढ्यावर निम्मी कामं निभावतात.

आता खरी गंमत. कागदावर जे दिसतं ते आणि तोंडातून जे निघतं ते एक नसतं. ‘१२ जानेवारी १९३१’ हे कागदावर तीन तुकडे आहेत. तोंडात ‘बारा जानेवारी एकोणीसशे एकतीस’, १५ अक्षरं, तीन सेकंद. ‘डॉ.’ म्हणजे डॉक्टर, ‘मा.’ म्हणजे माननीय, ‘म.न.पा.’ म्हणजे महानगरपालिका. ‘डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला’ हे वाक्य दिसतं आटोपशीर, पण बोलून बघा. आणि कोटणीसांवरच्या भाषणात अशी वाक्यं एकावर एक येतात: १९३८ साली पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, ९ डिसेंबर १९४२ ला वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. सनावळी असलेलं भाषण नेहमी अंदाजापेक्षा लांबतं. मोजण्याआधी सगळे आकडे आणि संक्षेप अक्षरांत लिहून काढा. पाठ करतानाही त्याचा फायदा होतो, पोर आकड्यापाशी अडखळत नाही.

लांब नावांचंही तेच. ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ ही २१ अक्षरं आहेत, चार सेकंद. विद्यापीठाच्या कार्यक्रमात ते नाव पाच-सहा वेळा पूर्ण घेणार असाल तर जवळजवळ अर्धं मिनिट त्यात जातं. एकदा पूर्ण घ्या, पुढे ‘आपलं विद्यापीठ’ म्हणा. यात कुणाचा अपमान होत नाही.

पण एका ठिकाणी मी वेळ वाचवू देत नाही. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. अक्षरं २६, हिशेबाने पाच-सव्वापाच सेकंद. घाईत म्हटली तर चारही नावं साडेचार सेकंदांत संपतातही, आणि स्पर्धेत मुलं तशीच संपवतात, जणू हजेरी घेतायत. मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर मार्शल लॉ लावला आणि पुढे येरवड्याला या चौघांना फाशी दिली, त्यावर आपण बोलतोय. प्रत्येक नावानंतर श्वास घ्यायचा. दहा सेकंद लागतात. ती दहा सेकंदं आधीच हिशेबात धरायची आणि हवं तर दुसरीकडचं विशेषण कापायचं. ‘थोर, महान, तेजस्वी, ओजस्वी’ यातलं एक पुरतं.

तर अक्षरांचा किंवा शब्दांचा आकडा म्हणजे नुसता मापाचा कपडा. शिवणीत जाणारं कापड वेगळं धरावं लागतं. काय काय धरायचं? ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ याला सात-आठ सेकंद. टाळ्या येतील अशी वाक्यं तुम्हाला माहीत असतात, प्रत्येकी पाच सेकंद. टाळ्यांवरून बोलत गेलात तर पुढचं वाक्य वाया जातं. श्रोत्यांना प्रश्न विचारून थांबणार असाल तर दोन सेकंद. अभंगाच्या चार ओळी असतील तर पंधरा-वीस सेकंद, कारण त्या कुणी गद्यासारख्या म्हणत नाही. परिच्छेद बदलताना एक सेकंद आपोआप जातो.

एक हिशेब करून दाखवते. संबोधन सोडून ४८० शब्द, मुलीचा वेग मिनिटाला ९५. भागले, पाच मिनिटं तीन सेकंद. संबोधनाचे आठ, हुतात्म्यांच्या नावांचे जादा पाच, दोन टाळ्यांचे दहा, तीन प्रश्नांचे सहा. एकूण पाच मिनिटं बत्तीस सेकंद. ५ + २ च्या स्पर्धेला हे उत्तम. पहिली घंटा पाचला, दुसरी सातला वाजते. दोन घंटांच्या मध्ये, पण पहिलीच्या जवळ संपवायचं. पावणेसात मिनिटांवर बेतलेलं भाषण मी नेहमी कापायला लावते. काही ठिकाणी पाचच्या आधी संपलं तरी गुण जातात, काही ठिकाणी नाही. पत्रकात नसेल तर आयोजकांना विचारा, संबोधन वेळेत धरतात का तेही विचारा.

मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनचं भाषण सुमारे साडेसोळाशे शब्दांचं आणि सोळा-सतरा मिनिटांचं आहे. इंग्रजीत असूनही मिनिटाला शंभरच्याच आसपास. अडीच लाखांची गर्दी समोर असताना माणूस १४० ने बोलत नाही. यंत्राने त्या भाषणाचे बारा मिनिटं सांगितले असते.

मजकूर पाठ होत जातो तसा वेळ बदलतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहिल्या वाचनात अडखळत साडेसहा मिनिटं लागलेलं भाषण पाठ झाल्यावर साडेपाचवर येतं. मग पालक खूश होऊन आणखी एक परिच्छेद घालतात. घालू नका. वाचलेला वेळ थांबायला वापरायचा असतो. शिवाय व्यासपीठावर भीतीने मुलं अजून सुसाट सुटतात, मोठी माणसं मात्र माईक हातात आला की पसरतात. म्हणून खरी मोजणी पाठ झाल्यावर, कुणासमोर तरी उभं राहून करायची. आजी-आजोबा, शेजारचे, चार पोरं, कुणीही चालेल. फोनवर रेकॉर्ड करा आणि प्रत्येक मिनिटाला भाषण कुठे पोहोचलं ते कागदाच्या समासात लिहा: १, २, ३, ४. सभागृह मोठं असेल, हुतात्मा स्मृती मंदिरासारखं, किंवा मैदानावर कर्णे लावलेले असतील, तर आवाज परत येतो आणि शब्द शब्दात मिसळतात. तिथे वेग आपोआप खाली आणावा लागतो. पाच मिनिटांमागे वीस-पंचवीस सेकंद त्याचे धरा.

भाषणात एक परिच्छेद सुटा ठेवा. तो काढला तरी मागचं-पुढचं जुळलं पाहिजे. त्याची सेकंदं वेगळी मोजून ठेवा, समजा चाळीस. शेवटच्या परिच्छेदाची पण मोजा. सुट्या परिच्छेदापाशी पोहोचायच्या आत पहिली घंटा वाजली, तर तो सोडून थेट शेवटाकडे जायचं. हे घरी दोन्ही प्रकारे म्हणून बघितलेलं असलं की ऐनवेळी पोर गांगरत नाही.

आता मोठ्यांची भाषणं. ती लिहिलेली नसतात, त्यामुळे शब्द मोजायचा प्रश्नच नाही. मंडळांच्या, ज्ञातिसंस्थांच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन मी पुष्कळ केलंय, आणि वक्त्याला ‘किती मिनिटं बोलाल?’ असं विचारायचं मी कधीच सोडून दिलं. सगळे ‘पाचच मिनिटं’ म्हणतात. त्याऐवजी ‘कोणकोणत्या मुद्द्यांवर बोलणार?’ असं विचारा. पत्रिकेसाठी हवंय म्हणा, ते आनंदाने सांगतात. सरावलेला वक्ता एका मुद्द्याला उदाहरणासकट दोन-अडीच मिनिटं घेतो. जुनी आठवण सांगणार असतील तर ती तीन मिनिटांच्या खाली उतरत नाही, आणि आठवणीतला माणूस समोर बसला असेल तर पाच धरा. ‘मी फक्त दोन शब्द बोलणार आहे’ असं म्हणून जे उठतात त्यांच्यापुढे मी वहीत दहा लिहिते. ‘वेळेअभावी जास्त बोलत नाही’ हे वाक्य आलं की समजायचं, अजून निम्मं राहिलंय.

मग उलटं मोजत यायचं. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर चालत नाही, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दहा ते सकाळी सहा बंदी आहे. म्हणून ९.५५ ला सगळं संपलं पाहिजे असं धरते. राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं, उभं राहण्यासकट एक मिनिट. आभार चार मिनिटं. अध्यक्षीय समारोप पंधरा. प्रमुख पाहुणे पंचवीस. प्रास्ताविक आठ. स्वागत आणि दीपप्रज्वलन दहा, त्यातही वारा असला तर समई लागता लागत नाही. सहा सत्कार असतील तर नऊ मिनिटं. सत्कार म्हणजे भाषण नाही असं समितीला वाटतं, पण आपल्याकडे चादर देतात. ती उघडायची, दोघांनी दोन टोकं धरायची, अंगावर घालायची, फोटोवाला ‘इकडे बघा’ म्हणेपर्यंत थांबायचं, दीड मिनिट कुठेच गेलं नाही. बेरीज ७२ मिनिटं.

पत्रिकेवर सात असलं तरी खुर्च्या भरून सुरुवात आठला होते, हे मी गृहीतच धरते. आठ ते ९.५५ म्हणजे ११५ मिनिटं. त्यातून ७२ गेली, ४३ राहिली. ‘मनोगतं’ यात बसवायची. दहा-दहा मिनिटांची चार माणसं, बस. समिती सात नावं घेऊन आली की मी हा कागदच पुढे करते. तोंडी नकार दिला तर माणसं दुखावतात, कागदावरची बेरीज ते स्वतःच करतात आणि तीन नावं आपसात ठरवून काढतात. न काढली तर शेवटी जे व्हायचं ते होतं: प्रमुख पाहुण्यांना ऐकायला आलेली मंडळी उठायला लागतात, मागच्या रांगेतून कुणीतरी जरा मोठ्यानेच म्हणतं, “किती वेळ बोललालाय हे!”, आणि पाहुण्यांच्या वाट्याला बारा मिनिटं उरतात.

चिठ्ठी पाठवायची वेळही याच हिशेबातून येते. बोलण्याच्या भरात असलेल्या माणसाला एका मिनिटात थांबता येत नाही, चालू मुद्दा संपवायलाच त्याला दोन-अडीच मिनिटं लागतात आणि वर समारोप असतोच. म्हणून दहा मिनिटांच्या वक्त्याला मी सहाव्या मिनिटाला चिठ्ठी देते. त्यावर ‘वेळ संपली’ असं लिहीत नाही. ‘चार मिनिटं आहेत’ असं लिहिते, आणि जाड पेनाने लिहिते, कारण चष्मा बहुधा खुर्चीवर राहिलेला असतो.